कोल्हापूर ते जोरहाट खरंच सव्वातीन तासांत होतं का?

उजळाईवाडीकर: मंडळी, लेक जोरहाटला कृषी विद्यापीठात एमएस्सी करते. डिसेंबरात मी आणि आई (वय ७१) जाऊन येणार. नेटवर अंतर टाकलं तर २३३५ किमी आणि सव्वातीन तास दाखवतंय, तिकिटं बघितली तर तेरा तास, कुठं सतरा. खरं काय धरायचं? बजेट माणशी १२ हजार, एका बाजूचं. आईचे कान विमानात दडे बसून लई दुखतात.

गुळाचीढेप: सव्वातीन म्हणजे नकाशावर दोरी ताणून जेटच्या स्पीडनं भागलंय ओ. थेट विमान नाहीच. आपल्याकडनं हैदराबादला जातं ते एटीआर, पंख्याचं, ताशी पाचशेच्या आसपास, तेच थेट जोरहाटला सोडलं तरी वाटेत तेल घ्यायला उतरावं लागेल.

कोथरूडचा_काका: पुण्याला या आणि तिथून जा. मी गुवाहाटीला बिझनेस क्लासने गेलो होतो, २६ हजार पडले, पण जेवण काय होतं!

गुळाचीढेप: काका, बजेट वाचा की.

मिसळ_एक्स्ट्रा_कट: मुंबई-गुवाहाटी थेट तीन तास, पुढं टॅक्सी. एकदम सोपं.

चहामळा: सोपं?? गुवाहाटी-जोरहाट ३०० किमी आहे, काझीरंगाच्या कडेनं रस्ता जातो, तिथं जनावरांसाठी गाड्या हळू घ्याव्या लागतात, सहा-सात तास धरा. एकाहत्तरच्या बाईला? मी चार वर्षं जोरहाटला नोकरीला होतो. हैदराबाद-कोलकाता-जोरहाट करा. ४४५, १२०८ आणि ७३५ मिळून २३८८ होतात, म्हणजे सरळ रेषेपेक्षा जेमतेम पन्नास किमी जास्त. हवेत पाचेक तास, बाकी सगळं बाकड्यावर बसणं. आणि तिन्ही एकाच पीएनआरवर घ्या. मी पैसे वाचवायला तुकडे केले, धुक्यानं पहिलं विमान लेट, कोलकात्यात पट्ट्यावर बॅगेची वाट बघतोय तोवर पुढचं उडालं, तिकीट बुडालं ते बुडालंच.

मिसळ_एक्स्ट्रा_कट: मी पाच तासात गेलोय, ड्रायव्हरवर असतं.

शब्दखोर: जोर म्हणजे जोडी, हाट म्हणजे बाजार. दोन बाजार होते म्हणून जोरहाट. धाग्याशी संबंध नाही, माहितीये.

कोथरूडचा_काका: तुकड्यात तिकिटं घेऊ नका, एकाच पीएनआरवर घ्या.

गुळाचीढेप: ते वरच सांगितलंय त्यांनी.

चहामळा: अजून एक. जोरहाटचा विमानतळ हवाई दलाचा, उतरल्यावर फोटो काढत बसू नका. आणि डिसेंबरात तिकडं साडेचारलाच अंधार पडायला लागतो, वीस रेखांश पूर्वेला, घड्याळ मात्र आपलंच. माजुली (ब्रह्मपुत्रेतलं बेट) करणार असाल तर निमाती घाटाची फेरीबोट सकाळचीच धरा.

पन्हाळा_पाऊस: एटीआरमध्ये वरचे कप्पे चिमुकले. माझी हातातली बॅग पायऱ्यांपाशीच काढून घेतली, आत सासूबाईंची बीपीची गोळी. गोळ्या, चष्मा पर्समध्ये ठेवा.

उजळाईवाडीकर: सगळ्यांचे आभार, चहामळांचे जास्त. आईला तीन विमानं सांगितली तर म्हणाली, तीनदा कान फोडून घ्यायला मी काय मोकळी हाय? म्हणून पुण्याहून आझाद हिंदनं हावडा, रात्री कोलकात्यात मुक्काम, आणि सकाळी जोरहाटचं एकच विमान. रेल्वेत दीड दिवस जाईल, जाऊ दे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आत्ताच ठरलीये.

कोथरूडचा_काका: दीड दिवस?! अहो त्यापेक्षा बिझनेस क्लास...