मदत हवी आहे: जर्मन क्रियापदाला 'गे' कधी लावायचा?

ए-२ (जर्मनची दुसरी पातळी) परीक्षेची तयारी चालू आहे. भूतकाळाचं रूप करताना 'माखन'चं (करणं) 'गेमाख्ट' होतं, मग 'बेझूखन'चं (भेट देणं) 'गेबेझूख्ट' का नाही? 'श्टुडीरन'लाही (शिकणं) 'गे' नाही. याद्या पाठ करण्याखेरीज काही उपाय? या रूपासोबत 'हाबन' की 'झाइन' हे सहायक क्रियापद घ्यायचं यातही घोळ होतो.

प्रतिसाद १
क्रियापद मोठ्याने म्हणून बघा. आघात पहिल्या अक्षरावर असेल तर 'गे' लागतो, नसेल तर नाही. 'बेझूखन'मध्ये जोर 'झू'वर, म्हणून 'बेझूख्ट'. 'श्टुडीरन'मध्ये 'डी'वर, म्हणून 'श्टुडीर्ट'.

'आइनकाउफन'सारखं (खरेदी करणं), वाक्यात पुढचा तुकडा सुटा होणारं क्रियापद असेल तर आधी 'आइन' काढा, उरलेल्याचं रूप करा (गेकाउफ्ट) आणि 'आइन' परत पुढे जोडा: आइनगेकाउफ्ट. 'फोरबेरायटन'ला (तयारी करणं) इथेच पाय घसरतो. 'फोर' काढला की 'बेरायटन' उरतं, जोर 'राय'वर, म्हणजे 'गे' नाहीच: फोरबेरायटेट.

शेवटी 'ट' की 'न', हे मात्र पाठच करावं लागतं. पण मूळ क्रियापदाचंच करा. 'श्टेएन'चं (उभं असणं) 'गेश्टांडन' आलं की 'फेअरश्टांडन' (समजलं) आणि 'आउफगेश्टांडन' (उठला) फुकटात मिळतात.

प्रतिसाद २
हाबन-झाइनसाठी मराठी कामाला येते, फक्त वाक्य 'मी'ने न करता 'तो'ने करा. ('मी गेलो', 'मी केलं' यात फरक दिसत नाही.) 'त्याने' आलं की बहुतेक वेळा हाबन ('तो'सोबत त्याचं 'हाट' होतं, झाइनचं 'इस्ट'): त्याने खाल्लं, एअर हाट गेगेसन. 'तो' आलं तर थांबा. जागा किंवा अवस्था बदलली तरच झाइन: तो आला, इस्ट गेकोमन, तो झोपी गेला, इस्ट आइनगेश्लाफन. नुसता 'तो झोपला होता' असेल तर हाट गेश्लाफन. 'तो हसला', 'तो विसरला', 'तो पाणी प्यायला' हे सगळे हाबनवाले. 'तो राहिला' (इस्ट गेब्लीबन) हा अपवाद, काहीच न बदलता झाइन घेतो.

प्रश्नकर्ता
आघाताची युक्ती पटली. मग 'गेफालन' हे 'पडला' की 'आवडलं'?

प्रतिसाद १
दोन्ही. 'एअर इस्ट गेफालन' म्हणजे तो पडला. इथे 'फालन'ला 'गे' लागलाय. 'एस हाट मिअर गेफालन' म्हणजे मला ते आवडलं. इथे 'गे' क्रियापदाचाच, जोर 'फा'वर, म्हणून दुसरा 'गे' नाही. सहायक क्रियापद बघितलं की अर्थ कळतो.