अणुशक्तीवर चालणारे विमान इंजिन: अडचण नेमकी कोठे आहे?

प्रश्न: जिज्ञासू
मोठे प्रवासी विमान उंचीवर स्थिर वेगाने जाताना तासाला दहा-अकरा टन इंधन जाळते, म्हणजे त्याला साधारण १२५ मेगावॉट उष्णता लागते. एक ग्रॅम युरेनियम-२३५ च्या विखंडनातून जवळपास एक मेगावॉट-दिवस उष्णता मिळते, हे ध्यानात घेतले तर दिवसभराच्या उड्डाणाला दीडशे ग्रॅमच्या आतच युरेनियम पुरेल. केरोसीन मात्र अडीचशे टन लागेल. नॉटिलस ही पाणबुडी १९५५ सालीच अणुशक्तीवर समुद्रात निघाली. मग विमानाच्या बाबतीत हे का साधले नाही? इंजिनच बनवता आले नाही का?

उत्तर: वातयंत्र
इंजिन बनवता आले होते. जेट इंजिनात कॉम्प्रेसरने दाबलेली हवा ज्वलनकक्षात तापते आणि टर्बाइन फिरवून मागे बाहेर पडते. त्या ज्वलनकक्षाऐवजी अणुभट्टीतून हवा नेली तरी टर्बाइनला फरक पडत नाही. १९५६ साली अमेरिकेत आयडाहोच्या चाचणी केंद्रावर जे-४७ या जेट इंजिनाची सुधारित आवृत्ती केवळ अणुभट्टीच्या उष्णतेवर चालवून दाखवण्यात आली. अर्थात ही चाचणी जमिनीवर होती. एनबी-३६एच या विमानाने १९५५ ते १९५७ या काळात ४७ उड्डाणे केली आणि त्यात एक मेगावॉटची चालू अणुभट्टीही होती, पण विमान उडत होते ते नेहमीच्या इंधनावरच. किरणांपासून माणसांना वाचवणाऱ्या कवचाचा आणि किरणोत्साराचा अभ्यास एवढाच त्या भट्टीचा हेतू होता. अनेक लेखांत या विमानाचा उल्लेख ‘अणुशक्तीवर उडालेले विमान’ असा होतो, तो चुकीचा आहे.

उत्तर: भारवाही
खरा अडसर वजनाचा आहे. भट्टीतून बाहेर पडणारे गॅमा किरण अडवायला शिशासारखा जड पदार्थ लागतो आणि न्यूट्रॉन अडवायला पाणी किंवा रबर यांसारखा हायड्रोजनयुक्त पदार्थ. वरील विमानात केवळ चालकांच्या कक्षाचे शिसे-रबराचे कवच सुमारे ११ टनांचे होते, तेही एका मेगावॉटच्या भट्टीसाठी. पाणबुडीला असे वजन पाणी तोलून धरते, विमानाला मात्र प्रत्येक टन पंखांवर उचलावा लागतो. आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. साधे विमान इंधन संपवून हलके होऊन उतरते, तर हे विमान जेवढ्या वजनाने उडाले तेवढ्याच वजनाने उतरणार, त्यामुळे त्याची चाके आणि सांगाडा त्या हिशेबाने अधिक भक्कम, म्हणजेच पुन्हा अधिक जड करावा लागतो.

जिज्ञासू
सर्व बाजूंनी कवच न घालता फक्त भट्टी आणि माणसे यांच्यामध्ये घातले तर चालणार नाही का?

उत्तर: भारवाही
तसे प्रयत्न झाले, आणि वजन त्याने कमी होतेही. परंतु उघड्या बाजूंनी बाहेर पडलेले किरण भोवतालच्या हवेवर आदळून विखुरतात व काही अंशी कक्षाकडे परततात, म्हणून कक्षालाही सगळीकडून काही कवच द्यावेच लागते. शिवाय उतरल्यावर अशा विमानाजवळ दुरुस्तीसाठी माणूस कसा जाणार? भट्टी बंद केल्यानंतरही विखंडनातून उरलेली मूलद्रव्ये किरणोत्सार करत राहतात आणि उष्णता देत राहतात. १२५ मेगावॉटच्या भट्टीतून बंद करताक्षणी जवळपास आठ मेगावॉट आणि तासाभरानंतरही दीड-दोन मेगावॉट उष्णता निघत असते. ती थंड करण्याची व्यवस्था धावपट्टीवर तर हवीच, पण माझ्या मते त्याहून गंभीर बाब अशी की विमान कोसळले तर ती व्यवस्थाच मोडलेली असेल.

उत्तर: वातयंत्र
माणूसच वगळला तर काय होते, याचाही अनुभव उपलब्ध आहे. प्रोजेक्ट प्लूटो या अमेरिकी प्रकल्पात चालकरहित क्षेपणास्त्रासाठी रॅमजेट (कॉम्प्रेसरऐवजी स्वतःच्या वेगानेच हवा दाबणारे जेट इंजिन) बनवण्यात येत होते आणि १९६४ साली नेवाडाच्या वाळवंटात टोरी-२सी ही भट्टी सुमारे ५०० मेगावॉट शक्तीवर पाच मिनिटे चालली. कवचाचा प्रश्न जवळजवळ सुटला होता, इंजिनही चालले होते, तरीही त्याच वर्षीच्या जुलैमध्ये प्रकल्प बंद झाला. आंतरखंडीय क्षेपणास्त्रे तोवर तयार झाली होती, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, थेट हवेत उघडणारी भट्टी घेऊन जाणाऱ्या या यंत्राची उड्डाणचाचणी कोणत्या प्रदेशावरून करायची आणि ती संपल्यावर ते कोठे पाडायचे, याला स्वीकारार्ह उत्तर सापडत नव्हते.