राखेचं सिमेंट म्हणजे भेसळ नव्हे
'राख घातलेलं सिमेंट म्हणजे सरळ भेसळ' असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातून पकडलेली ही राख सूक्ष्मदर्शकाखाली बघा, काचेचे गोल गोल मणी दिसतात. म्हणूनच काँक्रीट कमी पाण्यातही सहज सरकतं. शिवाय सिमेंट भिजल्यावर सुटणाऱ्या चुन्याशी तिचा संयोग होऊन बारीक छिद्रं बुजतात. अमेरिकेतलं हंग्री हॉर्स धरण 1953 साली अशीच राख वापरून पूर्ण झालं.

मात्र ही क्रिया संथ आहे. बांधकामवाले 28 दिवसांच्या क्यूबवरून (ताकद तपासायला केलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यावरून) निकाल लावून मोकळे होतात, 56 किंवा 90 दिवस थांबायला कोणी तयार नसतं. या क्रियेला ओलावा हवा, पण स्लॅबवर पाणी मारणं तर चौथ्या दिवशीच बंद! भीती बाळगायचीच तर न जळलेल्या कोळशाचं प्रमाण न तपासता आलेल्या राखेची बाळगा.