अनुभव धागा: मॉक ड्राफ्ट कसा मांडता? (बेअर्स, २०२५ चं गणित पुन्हा सोडवून)

अस्वलप्रेमी
जुन्या फायली चाळताना एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉल) शिकागो बेअर्सची २०२५ ची मॉक शीट समोर आली, म्हणजे ड्राफ्टमध्ये कोणता संघ कॉलेजचा कोणता खेळाडू उचलेल याचा आधीच बांधलेला अंदाज. १०, ३९, ४१, ७२, १४८, २३३, २४०. हे सात आकडे, म्हणजे बेअर्सच्या निवडीचे (पिकचे) नंबर, बघितले आणि तो अख्खा एप्रिल आठवला. आधीच्या मोसमात आपला क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सला ६८ वेळा सॅक केलेलं (चेंडू फेकण्याआधीच पाडलेलं), नवा प्रशिक्षक बेन जॉन्सन डेट्रॉइटहून नुकताच आलेला, आणि जो तो दहाव्या नंबरला टॅकल (क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्या फळीतला कडेचा खेळाडू) लिहून मोकळा होत होता. प्रत्यक्षात आला टाइट एंड (ब्लॉकही करणारा, पासही झेलणारा), मिशिगनचा कोल्स्टन लव्हलँड.

उत्तर माहीत असलेलं गणित परत सोडवलं की आपली पद्धत कुठे गळते ते कळतं, म्हणून हा धागा. नुसती नावं नकोत. कोणत्या क्रमाने मांडता, काय तपासता, कुठे फसतं ते लिहा.

सुरुवात मी करतो. दहावा पिक ठरवायचा तर आधीचे नऊ ठरवावे लागतात, दुसरा रस्ता नाही. प्रत्येक संघापुढे दोन नावं लिहा: एक पहिलं, एक ते गेलं असेल तर. मग आपल्याला हव्या असलेल्या पोझिशनचे वर किती गिऱ्हाईक आहेत ते मोजा. २०२५ ला टॅकल हवा असलेले पेट्रियट्स (४), जेट्स (७) आणि सेंट्स (९) असे तीन संघ आपल्या वर होते. विल कॅम्पबेल, आर्मंड मेंबू, केल्विन बँक्स बरोबर त्याच तीन जागी गेले. ही मोजणी केली असती तर दहाव्याला पहिल्या फळीतला टॅकल उरत नाही हे ड्राफ्टच्या आधीच दिसत होतं. आपली अस्वलं नीट मांडायची तर नऊ परके संघ आधी नीट मांडा, मला तरी हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

मेधा_पी
छान धागा दादा. भाजी फोडणीला टाकून लिहितेय, तुटक वाटलं तर समजून घ्या.

गरजांच्या शीटमध्ये माझे रकाने असे: खेळाडू, वय, करार कोणत्या वर्षी संपतो, गेल्या मोसमातले स्नॅप (किती डावांना मैदानात होता), दुखापत. करार संपण्याचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, कारण ड्राफ्ट हा पुढच्या वर्षाची भोकं बुजवायला असतो. ब्रॅक्स्टन जोन्सचा घोटा मोडलेला आणि करार २०२५ ला संपणारा, म्हणजे डावा टॅकल ही गरज दोन रकान्यांत लाल. पण ती पहिल्याच फेरीत भागली पाहिजे असं कुठे आहे? नंतर ट्रेडने मिळालेल्या ५६ ला टॅकल ऑझी ट्रापिलो घेतलाच की.

आणि मार्चच्या आधीचा मॉक कच्चा धरा. लीगचं नवं वर्ष मार्चच्या मध्याला सुरू होतं. बेअर्सनी जो थूनी आणि जोना जॅक्सन ट्रेडने आणले, सेंटर ड्रू डालमनला करारबद्ध केलं. फळीतली आतली तिन्ही माणसं (दोन गार्ड आणि मधला सेंटर) एका आठवड्यात बदलली. फेब्रुवारीत ज्यांनी १० किंवा ३९ ला गार्ड लिहिला होता त्यांची शीट तिथेच बाद.

डेट्रॉइटकर
बेन जॉन्सन गेल्याचं दुःख आम्हाला अजून आहे 😔 पण एक रकाना वाढवा ताई: नवीन प्रशिक्षकाची सवय. आमच्या लायन्सनी २०२३ ला ३४ व्या पिकवर सॅम लापोर्टा घेतला आणि जॉन्सनने त्याच्याभोवती किती खेळ रचला ते आठवा. कोल कमेट असताना दुसरा टाइट एंड कशाला, असं शिकागोवाले विचारत होते. जॉन्सनच्या मांडणीत दोन टाइट एंड नेहमीचेच.

पुणेरी_पहाट
मी नवीन आहे यात. आयपीएलच्या लिलावासारखंच ना हे? मग संघाकडे किती पैसे शिल्लक ते कुठे बघायचं?

अस्वलप्रेमी
@पुणेरी_पहाट नाही, बोली नसते. सात फेऱ्या, ३२ संघ, क्रम ठरलेला. ज्याची पाळी त्याने उचलायचा. २०११ च्या करारापासून नवख्याचा पगार पिकच्या नंबरावरून जवळपास ठरूनच येतो, चार वर्षांचा. पहिल्या फेरीतल्यांसाठी संघाला पाचव्या वर्षाचा पर्याय मिळतो. म्हणून ३२ वा आणि ३३ वा यांत एकाच नंबराचा फरक असला तरी क्वार्टरबॅक घेणारा संघ पहिल्या फेरीच्या शेपटीत शिरायला धडपडतो. २०१८ ला रेव्हन्सनी ३२ वर येऊन लमार जॅक्सन घेतला. २०२५ ला जायंट्स ३४ वरून २५ वर चढले, जॅक्सन डार्टसाठी. मॉक करताना २५ ते ३२ मध्ये असा एक ट्रेड गृहीत धरा.

सुजय_एन
क्रमाबद्दल लिहितो कारण इथे ९०% शीट चुकतात. लोक १० मध्ये ३२ मिळवून दुसऱ्या फेरीत ४२ लिहितात. तसं नसतं.

२०२४ ला जेट्स, पँथर्स, सेंट्स, बेअर्स चौघंही ५-१२ (५ विजय, १२ पराभव). बरोबरी झाली की ज्याचे प्रतिस्पर्धी कमकुवत तो आधी. बेअर्सचे सगळ्यात तगडे, म्हणून चौघांत शेवटचे, १० वे. पण पुढच्या प्रत्येक फेरीत हे चौघं फिरतात, पहिला असेल तो शेवटी जातो. दुसरी फेरी: पँथर्स ३९, सेंट्स ४०, बेअर्स ४१, जेट्स ४२. तिसरी: सेंट्स ७१, बेअर्स ७२, जेट्स ७३, पँथर्स ७४. चौथीत बेअर्स या चौघांत वर.

त्यातला ३९ शिकागोकडे आला तो २०२३ च्या ब्राइस यंगच्या सौद्यातून, तो वेगळा मोजा.

अजून एक: तिसऱ्या फेरीच्या शेवटी भरपाईचे पिक येतात. फ्री एजंट (करार संपून मोकळे झालेले खेळाडू) गमावलेल्या संघांना ३ ते ७ फेऱ्यांत मिळून जास्तीत जास्त ३२, एका संघाला जास्तीत जास्त ४. त्यामुळे २०२५ ला चौथी फेरी १०३ ला सुरू झाली, ९७ ला नाही.

शामली
सुजय, १०९ व्या पिकचं काय मग? तो बेअर्सचाच होता ना मूळचा?

सुजय_एन
हो! चौथ्या फेरीतला बेअर्सचा स्वतःचा. तो २०२४ च्या ड्राफ्टमध्येच बफेलो बिल्सना देऊन १४४ घेतला होता (ऑस्टिन बुकर). वर्षभराने बिल्सशी सौदा झाला त्यात परत आला आणि पुन्हा बिल्सकडेच गेला, १३२ आणि १६९ च्या बदल्यात. म्हणून शीटमध्ये "मूळ मालक" असा रकाना ठेवायचाच.

निळू_शॉमबर्ग
विषयांतर. ड्राफ्टच्या गुरुवारी बारा माणसं येणार आहेत, मिसळ करायची आहे. मटकी किती भिजवू?

मेधा_पी
@निळू अर्धा किलो कोरडी पुरे, पाव आणि फरसाण असतंच. मंगळवारी रात्री भिजव, बुधवारी सकाळी निथळून फडक्यात बांध. एप्रिलमध्ये इकडे शिकागोत गारठा असतो, मोड येत नाहीत. बंद ओव्हनमध्ये फक्त दिवा लावून ठेव, गुरुवार सकाळपर्यंत छान येतात. ओव्हनवर चिठ्ठी लाव, नाहीतर कुणीतरी पिझ्झा गरम करायला चालू करतं. कट आदल्या दिवशी केलास तरी चालेल.

निळू_शॉमबर्ग
🙏 चिठ्ठीचं बरं सांगितलंत.

विक्रम_टाम्पा
ट्रेडचं गणित कुणीच लिहिलं नाही अजून. डॅलसचे एकेकाळचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या नावाचा जुना तक्ता अजून कामाला येतो. १ ला ३०००, २ ला २६००, ५ ला १७००, १० ला १३००, ३२ ला ५९०. दोन्ही बाजूंची बेरीज जवळपास जुळली पाहिजे, नाहीतर तुमचा ट्रेड हवेतला.

उदाहरण बेअर्सचंच घ्या, २०२५ चा बिल्सशी झालेला सौदा. दिले ४१ (४९०), ७२ (२३०), २४० (जेमतेम १). बेरीज ७२१. घेतले ५६ (३४०), ६२ (२८४), १०९ (७६). बेरीज ७००. जुन्या तक्त्यावर थोडं नुकसान. पण हा तक्ता वरच्या पिकांना फार चढा भाव देतो. दुसऱ्या करारात खेळाडूला काय मिळतं यावर बेतलेले नवे तक्ते मधल्या फेऱ्यांना जास्त मोल देतात, त्यांच्यात हाच सौदा शिकागोच्या बाजूने झुकतो. मॉकमध्ये दोन्ही तक्ते लावा. दोन्हींत एकाच बाजूचा मोठा फायदा दिसला तर समोरचा संघ हो म्हणणार नाही.

पुढच्या वर्षीच्या पिकाला दर वर्षामागे एक फेरी उतरवायची. जॅग्वार्स ५ वरून २ वर गेले, ट्रॅव्हिस हंटरसाठी. त्यांनी दिले ५ (१७००), ३६ (५४०), १२६ (४६) आणि २०२६ ची पहिली फेरी. त्यांना मिळाले २ (२६००), १०४ (८६) आणि २०० (दहा-अकरा). २६९७ उणे २२८६, राहिले साधारण ४११. म्हणजे पुढच्या वर्षीची पहिली फेरी बरोबर या वर्षीच्या दुसऱ्या फेरीच्या मध्याच्या भावाने गेली, ४८ व्या पिकला ४२० आहेत. हा नियम इतका चपखल बसलेला क्वचित दिसतो.

शामली
वा विक्रम. हे सेव्ह करून ठेवलं.

पॅकरवाला
अस्वलांच्या धाग्यात येतोय, मारू नका. २०२५ चा ड्राफ्ट आमच्याच ग्रीन बेला झाला. "हा संघ हे कधीच करत नाही" हा नियम मॉकमध्ये लिहू नका एवढं सांगायला आलो. पॅकर्स पहिल्या फेरीत रिसीव्हर घेत नाहीत असं वर्षानुवर्षं पाठ झालेलं, २००२ नंतर घेतलाच नव्हता. २३ ला मॅथ्यू गोल्डन घेतला आणि स्टेडियम दणाणलं.

अस्वलप्रेमी
@पॅकरवाला या या, मिसळ आहे.

डेट्रॉइटकर
मापांवरूनही असंच. कॅम्पबेलचा हात कंबाइनला (ड्राफ्टआधीच्या मोजमाप-चाचणीला) ३२ ५/८ इंच भरला, टॅकलला ३३ हवेत म्हणून कितीतरी जणांनी त्याला गार्ड करून खाली ढकललं. पेट्रियट्सनी चौथ्याला घेऊन टॅकललाच लावला. माप पाव-अर्ध्या इंचाने हुकलं तर पिक दोन-चार जागा हलवा, पोझिशन बदलू नका. लव्हलँडच्या खांद्याची शस्त्रक्रिया झालेली, कंबाइनला तो धावलाच नाही. अनेकांनी दुसरा टाइट एंड टायलर वॉरनला त्याच्या वर ठेवलं. वेळेचा रकाना रिकामा असेल तर कॉलेजचे सामने बघा, शून्य धरू नका.

मेधा_पी
सिम्युलेटर (संगणकावर लुटुपुटूचा ड्राफ्ट) वापरणाऱ्यांसाठी. संगणकाकडून येणारे ट्रेड बंद करून एकदा चालवा. चालू ठेवले की तो तुम्हाला तीन जागा खाली यायला भरमसाट पिक देतो आणि शेवटी पहिल्या शंभरात तुमचे नऊ खेळाडू होतात. खरा संघ असं देत नाही. दुसरं, एकदाच चालवून शीट भरू नका. वीसेक वेळा चालवा आणि तुमच्या पिकला कोण किती वेळा उरतो ते मोजा. वीसात दोनदाच उरणारा खेळाडू मॉकमध्ये लिहायचा नाही, कितीही आवडता असला तरी.

क्वार्टरबॅकच्या बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमतही फसतं. शेदूर सँडर्स कित्येक मॉकमध्ये पहिल्या फेरीत होता, गेला १४४ ला. एका संघाने सोडला की पुढचा क्वार्टरबॅक हवा असलेला संघ दहा-पंधरा जागा खाली असतो, म्हणून ही पोझिशन पायरी पायरीने नाही, धाडकन घसरते. कुलूप लावलेलं नाव म्हणून क्वार्टरबॅक लिहायचा तर पहिल्या दोन-तीन जागांतच.

पुणेरी_पहाट
टॉप ३० भेटी म्हणजे काय? सगळीकडे वाचतोय.

सुजय_एन
ड्राफ्टआधी संघ आपल्या मुख्यालयात ३० खेळाडूंना बोलावू शकतो. आसपासच्या कॉलेजची मुलं त्यात धरत नाहीत. यादी बातम्यांतून गोळा करा, पण पहिल्या फेरीपेक्षा तिसऱ्या ते पाचव्या फेरीसाठी वापरा. वरचे खेळाडू सगळेच बोलावतात, त्यातून काही कळत नाही. मधल्या फेरीतल्या, दुखापत झालेल्या किंवा छोट्या कॉलेजच्या मुलाला बोलावलं असेल तर डॉक्टरांना त्याला तपासायचंय असा अर्थ असतो बऱ्याचदा.

विक्रम_टाम्पा
सहावी-सातवी फेरी कशी लिहिता? मी नावं लिहितच नाही, पोझिशन आणि एक गुण लिहितो. "रनिंग बॅक, चेंडू न सोडणारा, ब्लॉक करणारा."

अस्वलप्रेमी
@विक्रम बरोबर, आणि २३३ ला काइल मोनंगाई तसाच निघाला, रटगर्सचा. तो पिक खलील हर्बर्टला बेंगल्सना दिलं त्यातून आलेला. रनिंग बॅक शेवटी उरतात कारण संघ त्या पोझिशनवर वरचे पिक खर्च करत नाहीत. ॲश्टन जेंटीसारखा सहाव्याला जाणारा अपवाद. म्हणून शेवटच्या दोन पिकांत रनिंग बॅक आणि स्पेशल टीम्सवर (किकच्या डावांत) धावेल असा लाइनबॅकर किंवा सेफ्टी ठेवा. उरलेल्या जागा न निवडलेल्यांतून भरतात, उन्हाळ्यात ९० जणांचा संघ असतो.

पुणेरी_पहाट
शेवटचा प्रश्न, पुण्यात किती वाजता बघायचं?

शामली
तिकडे गुरुवारी रात्री ८ ईस्टर्न म्हणजे आपल्याकडे शुक्रवारी पहाटे ५:३०. २०२५ ला पहिल्या फेरीत एका पिकला १० मिनिटं होती, सगळ्यांनी पूर्ण वेळ घेतला तरी दहावा पिक सातच्या सुमारास. ऑफिसला जाण्याआधी होतं. दुसरी-तिसरी फेरी शनिवारी पहाटे ४:३०, आणि चौथी ते सातवी शनिवारी रात्री ९:३० पासून. ती जेवून निवांत बघता येते. माझ्या शीटमधले रकाने हवे असतील तर विपू (विचारपूस) कर, पाठवते.