एचबीसीयूचा देणगीसाठी फोन येतो. 25 डॉलरने काय होतं?

सांगलीकर_ग्रीन्सबरो
अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी उभी राहिलेली जी जुनी कॉलेजं आहेत (एचबीसीयू), त्यातल्या एकातून मी एमएस केलं. आता दर वर्षी एखादी विद्यार्थिनी फोन करून 25 डॉलर मागते. पोरगी गोड बोलते, नाही म्हणवत नाही. पण अब्जाधीश दानशूर मॅकेन्झी स्कॉटने 2020 मध्ये अशाच कॉलेजांपैकी नॉर्थ कॅरोलिना ए अँड टीला साडेचार कोटी डॉलर दिले, हॉवर्डला चार कोटी. तिथे माझ्या पंचविसाची काय मातब्बरी?

अटलांटावाली
सांगलीकर, फोनच्या त्या याद्या माझ्यासारखीच माणसं काढतात. मी अशाच एका कॉलेजच्या माजी विद्यार्थी विभागात आहे.

तुमचे पंचवीस आम्ही रकमेपेक्षा डोकी मोजायला मागतो. मोठ्या देणग्या देणाऱ्या फाउंडेशनच्या दारात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: तुमचेच किती टक्के माजी विद्यार्थी देतात? यूएस न्यूजने 2023 मध्ये आपल्या कॉलेजांच्या क्रमवारीतून हा निकष काढला, तरी प्रश्न काही सुटला नाही. साउथ कॅरोलिनातलं क्लॅफ्लिन छोटंसं कॉलेज, पण या टक्क्यात ते भल्याभल्यांना मागे टाकत आलंय.

बाकी ठिकाणी टक्का कमी दिसतो तो कंजूषपणामुळे नाही हो. आमची मुलं कर्ज काढून शिकतात, वडिलोपार्जित घर-पैसा पाठीशी नसतो, पहिल्या पगारातून धाकट्या भावंडांची फी जाते. त्यात हार्वर्डची गंगाजळी 50 अब्ज डॉलरच्या वर, हॉवर्डची आत्ता कुठे एक अब्जाला पोचली.

मोठा चेक सगळ्यांच्या नशिबी नसतो. ग्रीन्सबरोतच बेनेट हे मुलींचं कॉलेज आहे ना? आर्थिक स्थितीमुळे मान्यता जायची वेळ आली, तेव्हा 2019 च्या सुरुवातीला त्यांनी 50 लाख डॉलर मागितले आणि 82 लाख जमवले. चर्चमधली थाळी, माजी विद्यार्थिनी, शेजारची कॉलेजं, सगळे धावले. आणि मागायला लाज कसली? फिस्क या अशाच कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी 1871 पासून गावोगाव गाऊन कॉलेज तगवलं, त्या पैशांतून ज्युबिली हॉल उभा राहिला.

पुणेरी_मीटर
पैसे नेमके जातात कुठे? नाहीतर पावती आणि टी-शर्ट!

अटलांटावाली
रास्त शंका. फोनवरच विचारा, आणि देताना कशासाठी ते लिहा. मी स्वतः आपत्कालीन मदत निधीला देते. शेवटच्या वर्षाला फीचे थोडेसे पैसे थकले की पुढच्या सत्राची नोंदणी अडते आणि पोरगं घरी बसतं, कधीकधी कायमचं. तिथे तुमच्यासारख्या चार जणांच्या पैशांत काम होतं. बिनशर्त दिलेत तर छप्पर गळतं तिकडे जातात, तेही लागतंच.

सांगलीकर_ग्रीन्सबरो
पटलं, ताई. होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या वार्षिक मेळाव्याला, जाऊ का? दोन वर्षांचा एमएसवाला, तोही देशी, उपरा वाटेन.

अटलांटावाली
बिनधास्त जा. तंबूत तळलेल्या माशांची कागदी प्लेट हातात देतील आणि विचारतील, कुठली बॅच? बर्फाच्या पेटीवर क्यूआर कोड चिकटवलेला असतो, आमची निम्मी वसुली तिथेच. बँड मात्र चुकवू नका.

आणि तुमची कंपनी जोडदेणगी (तुमच्याइतकीच भर) देते का ते बघा, पंचविसाचे पन्नास होतील. सरकारी विद्यापीठ असेल तर कंपनीच्या पोर्टलवर विद्यापीठासाठी देणग्या घेणाऱ्या त्याच्या फाउंडेशनचं नाव शोधा, नुसत्या विद्यापीठाच्या नावाने बहुधा सापडत नाही.