मध्ययुगीन प्रार्थनाग्रंथ फोडून त्यांची सुटी पाने विकणे समर्थनीय आहे का?

धागालेखक: ‘बुक ऑफ अवर्स’ म्हणजे दिवसाच्या आठ ठरलेल्या वेळी म्हणायच्या प्रार्थनांचा ग्रंथ. असे ग्रंथ फोडून त्यांची पाने एकेक करून विकली जातात; विक्रेत्याची मालकी कायदेशीर असली, तरी मला हा सरळ विध्वंस वाटतो. पॅरिसमध्ये नोत्र दामजवळचा ग्रंथविक्रेता मागणी नोंदवून घेई, चर्मपत्र (लिहिण्यासाठी कमावलेले कातडे) लेखनिकाकडे देई, आणि मग किनारीच्या वेली एका हाताकडे, तर चित्रे दुसऱ्या हाताकडे जात. सोन्याचा वर्ख बसवून घोटला जाई आणि सर्वांत महाग निळा रंग अफगाणिस्तानातील बदख्शानच्या लाजवर्द या निळ्या दगडापासून तयार होई. ग्रंथाच्या दिनदर्शिकेत कोणत्या स्थानिक संतांचे सण आहेत, यावरून तो कोणत्या प्रदेशासाठी लिहिला गेला याचा माग लागतो. दिनदर्शिका एका देशात आणि चित्रे दुसऱ्या देशात गेली, की हा मागच पुसला जातो.

प्रतिसाद १: मी असहमत आहे. हे ग्रंथ प्रारंभापासून खासगी मालमत्ता होते. आजच्या बेल्जियममधील ब्रूज शहराच्या कार्यशाळा तर इंग्लंडच्या बाजारासाठी ते आधीच तयार करून ठेवत. क्लीव्हलंडचे कलाशिक्षक ऑटो एगे यांनी अनेक हस्तलिखिते फोडून पन्नास-पन्नास पानांचे संच तयार केले, म्हणून ज्या संस्थांना अखंड ग्रंथ कधीच परवडला नसता, तेथील विद्यार्थ्यांनाही खरे चर्मपत्र पाहता आले. हा लाभ क्षुल्लक नाही.

धागालेखक: लाभ मान्य, पण त्याची किंमत पाहा. एगे आणि एका विक्रेत्याने १९४२च्या सुमारास फोडलेला फ्रान्समधील बोव्हेचा मिसल (हा ‘बुक ऑफ अवर्स’ नव्हे, चर्चमधील मिस्सा या उपासनेचा ग्रंथ) हस्तलिखितांच्या अभ्यासक लिसा फेगन डेव्हिस आज संगणकाच्या पडद्यावर पुन्हा जुळवत आहेत. त्यातील शंभराहून अधिक पाने सापडली असली, तरी उरलेल्यांचा शोध चालूच आहे. दोघांनी थोड्या काळात केलेली मोडतोड निस्तरण्यात इतरांची वर्षे जातात.

प्रतिसाद २: ‘अखंड मूळ ग्रंथ’ ही कल्पना मला तितकी भक्कम वाटत नाही. फ्रान्समधील बेरीच्या ड्यूकसाठी लिम्बर्ग बंधू हे चित्रकार जो प्रार्थनाग्रंथ रंगवत होते, तो १४१६ साली ते तिघे भाऊ आणि ड्यूक मरण पावल्यामुळे अपुरा राहिला आणि पुढे १४८५च्या सुमारास झाँ कोलोंब याने साव्हॉयच्या ड्यूकसाठी पूर्ण केला. नवे मालक जुन्यांची कुलचिन्हे रंगाखाली झाकत. मालकाने ग्रंथ बदलणे ही जुनीच रीत आहे.

प्रतिसाद ३: भर घालणे आणि तोडणे यांत मोठे अंतर आहे. कित्येक कुटुंबे प्रार्थनाग्रंथाच्या कोऱ्या पानांवर मुलांचे जन्म नोंदवत आणि तो पुढच्या पिढीच्या हाती देत. त्या प्रत्येक हाताने ग्रंथाचा इतिहास वाढवला. प्रतिसाद २ मधला बेरीच्या ड्यूकचाच ग्रंथ ओमालच्या ड्यूकने १८५६ साली विकत घेतला आणि पुढे आपला सारा संग्रह शाँतिई येथील आपल्या वाड्यातून बाहेर न नेण्याच्या अटीवर फ्रान्सच्या विद्वत्संस्थेला दिला. हीही मालकीच आहे, आणि तिच्यामुळेच तो आज एकसंध आहे.

प्रतिसाद १: ड्यूकला हे परवडले. वारसांत वाटणी करावी लागणाऱ्या सामान्य मालकाकडून तीच अपेक्षा ठेवणे मला न्याय्य वाटत नाही.

धागालेखक: त्याने ग्रंथ अवश्य विकावा, पण अखंड विकावा. फार पूर्वी सुटी झालेली पाने ग्रंथालयांनी घेण्यास माझी हरकत नाही; मात्र ग्रंथ केव्हा आणि कोणी फोडला हे विक्रेत्याने लेखी दिल्याशिवाय एकही पान घेऊ नये.