डायनोजेस्टच्या गोळीने ओटीपोटाचं दुखणं थांबलंय, पण पुढे काय? एंडोमेट्रिऑसिसवाल्यांची मदत हवी आहे

नमस्कार मैत्रिणींनो, आणि ज्यांच्या घरात कुणाला हे दुखणं (एंडोमेट्रिऑसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार) आहे ते सगळेच. पोस्ट लांब होणार आहे पण अर्धवट लिहिलं की अर्धवटच उत्तरं येतात म्हणून सगळं एकदाच लिहिते.

वय ३२, सांगलीजवळ राहते, शाळेत शिकवते. लग्न झालंय, मूल नाही, वर्ष-दीड वर्षात प्रयत्न करायचा विचार आहे. ओटीपोटात दुखणं शाळेत असल्यापासूनचं. तेव्हा पाळीचे पहिले दोन दिवस दुखायचं, ते सगळ्यांनाच दुखतं म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग पाळीच्या आधी आठवडाभर सुरू झालं, मग पाळी संपल्यावरही राहायला लागलं, आणि गेली दोनेक वर्षं तर पाळीचा आणि दुखण्याचा संबंधच उरला नव्हता, उजव्या बाजूला आत खोल कुणीतरी ओढून धरल्यासारखं, कंबरेत, तिथून मांडीत. पाळीत शौचाला बसलं की अशी कळ यायची की घाम फुटायचा. संबंधाच्या वेळी दुखायचं, त्यानंतर दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखायचं. नवरा समजूतदार आहे पण घाबरायला लागला होता जवळ यायला, आणि हे बोलायचं कुणाशी.

लग्नाआधी सगळ्यांचं एकच, लग्न झालं की थांबतं. लग्न झाल्यावर, एक मूल होऊ दे मग बघ. मधल्या काळात लघवीच्या इन्फेक्शनच्या गोळ्या झाल्या, अपेंडिक्सची शंका झाली, ॲसिडिटी झाली, पोटावरून केलेली सोनोग्राफी नॉर्मल आली आणि एका ठिकाणी तर टेन्शन घेऊ नका म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. माझं दुखणं मनातलं आहे असं मला सांगणाऱ्या माणसाचा राग अजून जात नाही.

शेवटी मिरजेच्या एका गायनॅक मॅडमनी शौचाच्या वेळी दुखतं का, संबंधाच्या वेळी दुखतं का, घरात आईला-मावशीला असा त्रास होता का हे सगळं स्वतःहून विचारलं. आतून सोनोग्राफी केली, मग एमआरआय. उजव्या ओव्हरीत ४.२ सेंटिमीटरची चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ), गर्भाशयाच्या मागे आतड्याच्या बाजूला चिकटलेला जाडसर भाग. सीए १२५ ही रक्ताची तपासणी वाढलेली आली तेव्हा नेटवर बघून रात्रभर रडले, दुसऱ्या दिवशी मॅडम म्हणाल्या की एंडोमेट्रिऑसिसमध्ये ते वाढू शकतं, त्यावरून कॅन्सर ठरत नाही आणि एंडोमेट्रिऑसिससुद्धा ठरत नाही. हे इथे मुद्दाम लिहितेय, कुणाच्या हातात तसा रिपोर्ट असेल तर.

त्यांनी समजावलं ते असं की गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा पेशींचा थर बाहेर वाढतो, ओव्हरीवर, आतड्यावर, पोटाच्या आतल्या पडद्यावर. इस्ट्रोजेन मिळालं की तोही फुगतो, तिथेही रक्त येतं पण त्याला बाहेर यायला वाट नाही, मग सूज, मग आतले अवयव एकमेकांना चिकटतात. म्हणून डायनोजेस्ट २ मिलीग्रॅम, रोज एक, रोज त्याच वेळेला, पाळीसाठी मधे सुट्टी न घेता. हे प्रोजेस्टेरॉनच्या घरातलं औषध, यात इस्ट्रोजेन नाही. आजार मुळापासून जात नाही, झोपून राहतो, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं.

घरी हार्मोनची गोळी म्हटल्यावर काय झालं असेल ते तुम्हाला कळेलच. आईचा प्रश्न, पाळी बंद केली तर ते रक्त आत साठणार नाही का? मलाही हीच भीती होती. मॅडमनी सांगितलं की अस्तर पातळच राहतं, तयारच होत नाही त्यामुळे साठायला काही नसतंच. आईला हे पटलं आणि आता तीच नऊ वाजले की गोळी घेतलीस का म्हणून फोन करते.

पहिले काही आठवडे वाईट गेले. डाग लागणं थांबेचना, डोकं दुखायचं, छाती जड. सोडून द्यावीशी वाटत होती. मॅडम म्हणाल्या तीन महिने तरी दे. आणि मग तिसऱ्या महिन्यात कधीतरी लक्षात आलं की पर्समधली पेनकिलरची पट्टी तशीच आहे. मैत्रिणींनो खरं सांगते, दुखणं नसणं म्हणजे काय हे मला माहीतच नव्हतं. पाचवा तास संपला की खुर्ची शोधायचे मी, आता मुलांबरोबर मैदानावर जाते. सहलीची जबाबदारी दरवर्षी काही ना काही सांगून टाळायचे ती या वर्षी मागून घेतली. शौचाची कळ गेली. संबंधाच्या वेळचं दुखणं मात्र कमी झालंय, पूर्ण गेलेलं नाही. परवाच्या सोनोग्राफीत सिस्ट ३.४ वर आलीय. पंधरा-सोळा वर्षांत एकानेही या गोळीचं नाव का काढलं नसेल?

आता मदत हवी ती अशी. केस गळतायत, बरेच, आणि संध्याकाळ झाली की विनाकारण उदास वाटतं, चिडचिड होते, हे ज्यांना झालं त्यांचं पुढे कमी झालं का? दुसरं म्हणजे नात्यातल्यांच्या आग्रहाने दुसरं मत घेतलं तर ते डॉक्टर म्हणाले गोळी बंद करा, महिन्याचं ल्युप्रोलाइडचं (ओव्हरीचे हार्मोन बंद करणारं) इंजेक्शन घ्या आणि मग दुर्बिणीतून सिस्ट काढून टाकू. गोळीने एवढा आराम असताना इंजेक्शन कशाला हे मला कळलं नाही आणि तिथे विचारायला वेळच दिला नाही. इंजेक्शन घेतलेल्यांनी अनुभव सांगा. तिसरं, मूल हवं असेल तर गोळी कधी थांबवायची, थांबवल्यावर पाळी कधी आली, दुखणं लगेच परत आलं का? सासूबाई रोज म्हणतात की गोळ्यांनी पिशवी सुकेल, त्यांना सांगायला काहीतरी ठोस हवंय. आणि ही गोळी वर्षानुवर्षं घेतलेलं कुणी आहे का इथे?

कृपया आहार, योगासनं, काढे सुचवू नका. ते सगळं करून झालंय.

प्रतिसाद १

ताई तुझी पोस्ट वाचून माझीच गोष्ट वाचतेय असं वाटलं. मी पुण्यात, वय ३८, डायनोजेस्ट साडेतीन वर्षं घेतली, मग मुलीसाठी थांबवली, आता परत सुरू आहे. थांबवल्यावर पाळी दुसऱ्या महिन्यात आली. दुखणं तिसऱ्या पाळीपासून हळूहळू परत, पण पूर्वीइतकं नाही. मुलगी नैसर्गिकरीत्या राहिली, प्रत्येकीचं तसं होईलच असं नाही. पिशवी सुकत नाही गं, गोळी थांबली की ओव्हरी परत कामाला लागते, सासूबाईंना मुलीचा फोटो दाखव हवं तर!

केस माझेही गेले, सहा-आठ महिन्यांनी थांबलं. त्यात माझं फेरीटीन (शरीरातला लोहाचा साठा) खूप कमी निघालं, ते तपासून घे, सगळं खापर गोळीवर नको. उदासपणाबद्दल मात्र थांबून राहू नकोस, डॉक्टरांना आत्ताच सांग. आधी कधी डिप्रेशन आलं असेल तर तेही सांग. माझ्या बहिणीला याच कारणाने गोळी बदलावी लागली.

प्रतिसाद २

मी ल्युप्रोलाइड घेतलंय, ३.७५ चं, महिन्याला एक. पहिले दोन आठवडे दुखणं वाढलं होतं, ते आधी सांगितलेलं नव्हतं म्हणून घाबरले. सुरुवातीला हार्मोन उसळतात आणि मग बंद पडतात म्हणे. मग दुखणं थांबलं हे खरं, पण ३० व्या वर्षी मेनोपॉज, रात्री घामाने चादर ओली, झोप नाही, सांधे आखडलेले. नंतर ॲड-बॅक म्हणून छोट्या डोसमधे हार्मोन दिले तेव्हा सुसह्य झालं. इंजेक्शन वाईट आहे असं नाही म्हणत, मला गोळीने फरकच पडला नव्हता म्हणून घेतलं. तुला गोळीने फरक पडलाय तर मी तरी बदलणार नाही. घ्यायचंच ठरलं तर ॲड-बॅक पहिल्यापासून देणार का आणि किती महिने, हे विचारल्याशिवाय घेऊ नकोस.

प्रतिसाद ३

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, इथे कुणाला ट्रीटमेंट देत नाही, तुमच्या डॉक्टरांशी बोलताना उपयोगी पडेल एवढंच लिहितो.

निदानासाठी दुर्बिणीचं ऑपरेशन व्हायलाच हवं असं आता राहिलेलं नाही. युरोपातल्या एश्रे या संस्थेच्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये लक्षणं आणि स्कॅनवरून औषध सुरू करणं मान्य आहे. औषधाने आराम पडत नसेल किंवा स्कॅनमध्ये काही दिसत नसेल तेव्हा ऑपरेशनचा विचार.

सिस्ट काढताना ओव्हरीचा चांगला भागही थोडा जातो, अंडी कमी होऊ शकतात. मूल हवं असताना ऑपरेशन ठरवण्याआधी एएमएच (अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करून घ्या आणि शक्य असेल तर फर्टिलिटीवाल्यांशीही बोला. गोळी सुरू असताना गर्भधारणेची शक्यता वाढत नाही, गोळी दुखण्यासाठी आहे, त्यामुळे प्रयत्न सुरू करायची वेळ आली की ती थांबवावीच लागते. उलट बाजूही लक्षात असू द्या, हे २ मिलीग्रॅमचं औषध गर्भनिरोधक म्हणून दिलेलं नसतं, तोवर कंडोम वापरा.

आपल्याकडे महत्त्वाची अजून एक गोष्ट. टीबीचं रिफॅम्पिसिन, फिटचं कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन सुरू असेल तर डायनोजेस्टची रक्तातली पातळी खाली जाते, असं काही सुरू झालं तर नक्की सांगा. उलटी किंवा जुलाब गोळीनंतर तीन-चार तासांत झाले तर दुसरी गोळी घ्यायची. हाडांची घनता थोडी कमी होऊ शकते, लांबपल्ल्याचं घेणार असाल तर व्हिटॅमिन डी आणि कॅल्शियमकडे लक्ष, गरज वाटली तर हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन.

प्रतिसाद ४

माझ्या बायकोला ॲडिनोमायोसिस आहे, म्हणजे असाच थर गर्भाशयाच्या भिंतीतच वाढतो. तिला गोळी रोज लक्षात राहीना, शिवाय रक्तस्राव फार, म्हणून लिव्होनॉरजेस्ट्रेल या हार्मोनची ५२ मिलीग्रॅमची कॉइल गर्भाशयात बसवली. सुरुवातीचे काही महिने डाग, नंतर आराम. मूल लवकर हवं असेल तर तुमच्या कामाची नाही, पण नंतर कधी लागली तर माहीत असावी. एक विनंती, नवऱ्याला डॉक्टरकडे बरोबर न्या. मी गेलो तेव्हा कळलं की ती इतकी वर्षं काय सोसत होती.

प्रतिसाद ५

हार्मोन घेऊन शरीराशी खेळ कशाला? माझ्या वहिनीला वैद्यांनी तीन महिन्यांत बरं केलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. रडू आलं वाचताना.

प्रतिसाद ५, तुमच्या वहिनींना आराम पडला याचा आनंद आहे, पण माझ्या शरीराशी खेळ या दुखण्याने केला, गोळीने नाही. मैदानावर उभं राहता येतंय ते गोळीमुळे.

डॉक्टर, एएमएच झालंय, २.१ आहे, मॅडम म्हणाल्या ठीक आहे. ऑपरेशनचं आत्ता नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय, सिस्ट वाढली किंवा दुखणं परत आलं तर बघू. पुढच्या वेळी नवरा बरोबर येणार आहे. उदासपणाबद्दल फोन करून सांगितलं, त्यांनी लगेच बोलावलंय. फेरीटीन उद्या देते.

प्रतिसाद ६

संबंधाच्या वेळचं दुखणं राहिलंय म्हणालीस ना, त्यासाठी पेल्विक फ्लोअर (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची) फिजिओथेरपी विचारून बघ. इतकी वर्षं दुखलं की तिथले स्नायू कायम आवळलेलेच राहतात, आजार झोपला तरी ते सैल होत नाहीत आणि हार्मोनचा त्यांच्यावर उपयोग नाही. मला त्यानेच फरक पडला. आणि केगल (ते स्नायू आवळायचा व्यायाम) करू नकोस कुणी सांगितलं तर, आपल्याला आवळायचं नाही सोडायला शिकायचंय. दुसरं, अधेमधे मेफेनॅमिक ॲसिड ही पेनकिलर घेत असशील तर २०२३ च्या शेवटी इंडियन फार्माकोपिया कमिशनने त्याबद्दल ॲलर्ट काढला होता, अंगावर पुरळ आणि ताप आला तर लगेच बंद करून डॉक्टरकडे जायचं.

धागाकर्ती

हे कुणीच सांगितलं नव्हतं! मॅडमना विचारते. सांगली, मिरज किंवा कोल्हापूरला अशी फिजिओ करणारी बाई कुणाला माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा प्लीज. शनिवार-रविवार असेल तर पुण्यापर्यंतही येईन.